बदली न होणारी माणसं

मे महिना निम्मा सरला की सुरगाण्याच्या पंचायत समितीत, तहसील कचेरीत, प्राथमिक आरोग्य केंद्रांत आणि शाळांच्या वऱ्हांड्यांत एकच विषय सुरू होतो. यंदा कोणाची बदली, आणि त्यांच्या जागी कोण? महाराष्ट्रातल्या शासकीय बदल्यांसाठी २००५ सालचा कायदा आहे आणि त्याप्रमाणे एका पदावरचा सर्वसाधारण कालावधी तीन वर्षांचा. जिल्हा परिषदेच्या शिक्षकांच्या बाबतीत दुर्गम गावांची ‘अवघड क्षेत्र’ अशी वेगळी यादी होते आणि तिथे तीन वर्षं काढलेल्या शिक्षकाला बदली मागण्याचा हक्क मिळतो. घरापासून लांब, डोंगरात नोकरी करणाऱ्या माणसाच्या दृष्टीने हे न्याय्यच आहे. बदलीचा आदेश येतो, जुना माणूस नव्याला चार्ज देतो. यादी होते. नोंदवह्या इतक्या, शिक्के इतके, कपाटं इतकी, चाव्या, संगणक, खुर्च्या. दोघांच्या सह्या झाल्या की कार्यभार पोचता होतो.

त्या यादीत न येणाऱ्या गोष्टी मात्र पुष्कळ असतात. जुलैच्या पावसात कोणत्या पाड्याची वाट कोणत्या नाल्यामुळे तुटते. कोणतं कुटुंब दिवाळीनंतर दिंडोरीकडे द्राक्षाच्या कामाला जातं आणि शिमग्याला परततं, म्हणजे त्यांच्या मुलाचं नाव पटावरून कमी करायची घाई करायची नाही. कोणत्या पाड्यावरच्या बाया बाळंतपणाला दवाखान्यात यायला कचरतात, आणि घरातल्या कोणाशी बोललं तर त्या येतात. कोणत्या विहिरीला मार्चनंतर पाणी राहत नाही. हे सगळं जाणून घेण्यात जुन्या माणसाची दोन वर्षं गेलेली असतात. तिसऱ्या वर्षी तो खऱ्या अर्थाने कामाचा होतो आणि त्याच वर्षी त्याचं सामान टेम्पोत चढतं. नवा माणूस पुन्हा पहिल्या पायरीपासून सुरुवात करतो.

संस्थेत काम करणाऱ्या माणसांना जे कळलेलं असतं ते संस्थेचं कसं करायचं, आणि त्यातून नवं काही सुचावं यासाठी काय करायचं, या प्रश्नांना व्यवस्थापनशास्त्रात ‘ज्ञान-व्यवस्थापन’ असं नाव आहे. मोठ्या कंपन्यांत त्यासाठी स्वतंत्र विभाग असतात, सल्लागार नेमले जातात. हा प्रश्न चकचकीत इमारतींतला आहे असा समज त्यामुळे होतो. खरं तर सुरगाण्यासारख्या तालुक्यात तो जास्त उघडा दिसतो, कारण इथे एका माणसाच्या जाण्याने किती नुकसान होतं हे लगेच कळतं. आणि त्याचं उत्तरही इथेच, जरा खालच्या पायरीवर सापडतं.

सांगता येतं आणि करता येतं

सुरगाणा हा नाशिक जिल्ह्याचा गुजरातला लागून असलेला आदिवासी तालुका. १९४८ पर्यंत हे देशमुखांचं छोटं संस्थान होतं. पलीकडे डांग आणि धरमपूरचा मुलूख, इकडे सह्याद्रीची उतरंड. नार आणि पार या नद्या इथलं पाणी पश्चिमेला अरबी समुद्राकडे नेतात. पाऊस भरपूर, तरी उन्हाळ्यात हंड्यासाठी पायपीट. कोकणा, वारली, महादेव कोळी, भिल्ल असा समाज, आणि भात, नागली, वरई, उडीद, खुरासणी ही पिकं.

नागलीचं रोप तयार करण्यासाठी इथे राब भाजतात. पालापाचोळा, शेण, काटक्यांचे किती थर द्यायचे, कोणत्या वाऱ्याला पेटवायचं, राख किती जाड झाली की पुरे, हे जाणत्या बाईला विचारलं तर ती दोन वाक्यांत संपवते. ती लपवत नसते. तिला ते हाताने येतं, शब्दांनी येत नाही. हंगेरीत जन्मलेला विचारवंत मायकेल पोलान्यी याने १९६६ सालच्या आपल्या पुस्तकात नेमका हा मुद्दा मांडला. माणसाला जेवढं कळतं त्याचा मोठा भाग त्याला सांगता येत नाही. सायकल चालवणं, गर्दीत ओळखीचा चेहरा ओळखणं, रोग्याकडे पाहताच काहीतरी बिघडल्याची डॉक्टरला येणारी शंका, हे सगळं त्या न सांगता येणाऱ्या भागातलं.

जपानचे इकुजिरो नोनाका यांनी ही कल्पना उद्योगांत नेली. १९९१च्या त्यांच्या लेखातलं उदाहरण प्रसिद्ध आहे. ओसाकाच्या मात्सुशिता कंपनीला घरगुती पाव-यंत्र बनवायचं होतं. १९८५च्या सुमारास यंत्र तयार होतं, पण पाव नीट होईना. वरचा पापुद्रा करपायचा आणि आत कच्चं राहायचं. कंपनीने यंत्राने आणि माणसाने मळलेल्या कणकेची क्ष-किरण छायाचित्रंही ताडून पाहिली. उपयोग झाला नाही. तेव्हा सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या इकुको तानाका यांनी ओसाकातल्या एका नामांकित हॉटेलच्या मुख्य पाववाल्याकडे शिकाऊ म्हणून काम धरलं. तो कणीक ताणताना तिला एक विशिष्ट पीळ देतो हे त्यांच्या लक्षात आलं. पाववाल्याने हे कधी कोणाला सांगितलं नव्हतं, बहुधा त्याला स्वतःलाही ते वेगळं वाटत नसावं. मग अभियंत्यांनी यंत्राच्या आतल्या बाजूला उंचवटे बसवले, तो पीळ यंत्रात आणला आणि यंत्र बाजारात चाललं.

नोनाका यांनी यातून चार पायऱ्या काढल्या. आधी जाणत्याच्या शेजारी राहून हाताने शिकायचं. मग ते शब्दांत किंवा आकृतीत आणायचं. मग इतर माहितीशी त्याची सांगड घालून पद्धत बनवायची. शेवटी ती पद्धत अनेकांच्या अंगवळणी पाडायची, की त्यांच्या हाताला पुन्हा नवं काही सापडतं आणि चक्र पुढे फिरतं. आपल्याकडच्या बहुतेक कार्यालयांत दुसरी आणि तिसरी पायरी जोरात असते. परिपत्रकं, नमुने, ॲप, व्हॉट्सॲपचे गट यांची कमी नाही. पहिली पायरी मात्र कोणी चढत नाही, कारण जाणत्याच्या शेजारी राहण्याला कोणत्याही नमुन्यात रकाना नाही.

वरून खाली येणारं ज्ञान

शेतीखात्याच्या इतिहासात ही चूक आणि तिची दुरुस्ती दोन्ही पाहायला मिळतात. १९७०च्या दशकात जागतिक बँकेच्या मदतीने भारतात ‘प्रशिक्षण आणि भेट’ योजना आली. इस्रायली तज्ज्ञ डॅनिएल बेनोर यांची ही रचना. ग्रामसेवकाकडे नाना कामं असतात, म्हणून शेतीचा सल्ला देणारा माणूस वेगळा. त्याला ठरावीक दिवशी प्रशिक्षण, ठरावीक दिवशी ठरावीक गावी भेट. शिस्त उत्तम होती. पण संदेश विद्यापीठाकडून निघून शेतकऱ्यापर्यंत खाली यायचा आणि परतीची वाट अरुंद होती. पाणी असलेल्या सपाट जमिनीत एक सल्ला सगळ्यांना चालून गेला. उतारावरच्या, पावसावरच्या नागलीच्या वावरात तोच सल्ला उपरा ठरला.

१९८९ साली इंडोनेशियात संयुक्त राष्ट्रांच्या अन्न आणि कृषी संघटनेने उलट वाटेने काम सुरू केलं. तिथे भातावर तपकिरी तुडतुड्यांचे लोंढे यायचे. कीटकनाशकांनी तुडतुड्यांचे नैसर्गिक शत्रूच मरत होते आणि प्रादुर्भाव वाढत होता. हे व्याख्यानाने पटण्यासारखं नव्हतं. म्हणून शेतकऱ्यांचे छोटे गट हंगामभर दर आठवड्याला शेतात जमू लागले. रोपं उपटून पाहायची, कोणते किडे किती आहेत ते कागदावर चितारायचं, कोळी आणि चतुर यांची गणती करायची आणि फवारायचं की नाही हे आपसात ठरवायचं. अधिकारी प्रश्न विचारणारा झाला. आज महाराष्ट्राचं कृषी खातं ज्या शेतीशाळा घेतं त्या याच परंपरेतल्या. शेतीशाळा खरी झाली की नाही याची खूण सोपी आहे. हंगामाच्या शेवटी अधिकाऱ्याच्या वहीत शेतकऱ्याकडून शिकलेलं काही उतरलं असेल, तर झाली.

सीमेपलीकडची वाडी

संस्थेने ज्ञान टिकवलं आणि वाढवलं, याचं चांगलं उदाहरण सुरगाण्यापासून फार लांब नाही. १९४६ साली महात्मा गांधींबरोबर उरुळीकांचनला आलेले मणिभाई देसाई तिथेच राहिले आणि १९६७ साली त्यांनी ‘बाएफ’ ही संस्था उभी केली. या संस्थेने १९८२ मध्ये सीमेपलीकडच्या वांसदा तालुक्यात आदिवासी कुटुंबांबरोबर ‘वाडी’चं काम सुरू केलं. डोंगरउताराच्या एकेक एकराएवढ्या जमिनीवर आंबा आणि काजूची कलमं, बांधाला कुंपण म्हणून जंगली झाडं, ओळींच्या मधल्या जागेत नेहमीचं धान्य, आणि माती वाहू नये म्हणून बांधबंदिस्ती. आंबा फळाला यायला काही वर्षं लागतात. तोवर कुटुंबाच्या पोटाचं काय, या प्रश्नाचं उत्तर मधल्या ओळींतल्या पिकात होतं.

यातली एकही गोष्ट स्वतंत्रपणे नवी नव्हती. आंबा जुना, बांध जुना, नागली तर पिढ्यांची. नवी होती ती सांगड. अशी सांगड संशोधन केंद्रातल्या टेबलावर जमत नाही, त्या उतारावर अनेक उन्हाळे-पावसाळे काढावे लागतात. पहिल्या कुटुंबांच्या वाड्या पुढच्या कुटुंबांसाठी पाहायच्या जागा झाल्या. दुसऱ्याची वाडी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेला माणूस माहितीपत्रकातले फोटो पाहिलेल्या माणसापेक्षा लवकर खड्डे खणायला घेतो. पुढे नाबार्ड आणि जर्मनीची केएफडब्ल्यू बँक यांच्या मदतीने हे काम आधी गुजरातेत आणि मग महाराष्ट्रात ठाणे-नाशिकच्या आदिवासी भागात आलं. २००३-०४ साली नाबार्डने आदिवासी विकासासाठी वेगळा निधी उभारला आणि वाडीचं प्रारूप देशातल्या अनेक राज्यांत पोचलं.

संस्थेच्या दृष्टीने यातला धडा मोलाचा आहे. वाडी पसरली ती काम करणारी माणसं आणि कुटुंबं एका जागी पुष्कळ काळ टिकली म्हणून. कर्मचारी दर तीन वर्षांनी बदलत राहिले असते, तर पहिल्या आंब्याला मोहोर येईपर्यंत झाड का लावलं हेच सांगणारा कोणी उरला नसता.

द्राक्षाच्या चर्चासत्रात नसलेले हात

नाशिक जिल्ह्यात ज्ञानाची देवाणघेवाण म्हटलं की द्राक्ष बागाईतदारांचं नाव पहिलं येतं. महाराष्ट्र राज्य द्राक्ष बागाईतदार संघ १९६० पासून काम करतो आहे. छाटणीच्या हंगामाआधी चर्चासत्रं होतात, एकमेकांच्या बागा पाहिल्या जातात, कोणता प्रयोग फसला हेही उघड सांगितलं जातं. तास-ए-गणेश आणि सोनाका यांसारखे वाण प्रयोगशाळेआधी शेतकऱ्यांच्या नजरेला पडले. बागेत एखादी फांदी वेगळी आली, मणी वेगळा लांबला, आणि जाणत्या बागाईतदाराने ती फांदी वेगळी जपली. व्यावसायिक माणसांचा असा समूह, ज्यात स्पर्धा असूनही अनुभव वाटला जातो, ही कोणत्याही उद्योगाला हेवा वाटावी अशी गोष्ट आहे.

पण त्या बागांमध्ये प्रत्यक्ष हात कोणाचे चालतात? गोडी छाटणी, विरळणी, शेंडा खुडणं, घड संजीवकाच्या द्रावणात बुडवण्याचं डिपिंग, खरड छाटणी. दिंडोरी-निफाडच्या बागांतली ही कामं करायला पेठ आणि सुरगाण्याच्या पाड्यांवरून टोळ्या जातात, बहुतेकदा एकराच्या हिशेबाने उक्तं काम घेतात. एका काडीवर किती डोळे ठेवायचे, घडातले किती मणी काढले म्हणजे उरलेले फुगतील, कोणत्या अवस्थेत द्रावण लागलं तर मणी लांबतो, हे या बायामाणसांनी हजारो वेलींवर केलेलं असतं. एका हंगामात वेगवेगळ्या मालकांच्या अनेक बागा पाहिलेल्या असतात. त्यातून जी तुलनात्मक दृष्टी येते ती एकच बाग असलेल्या मालकाला मिळू शकत नाही. तरीही चर्चासत्रात त्यांची खुर्ची नसते. त्यांना मजूर म्हणतात, आणि मजुराला कोणी मत विचारत नाही.

हेच ज्ञान परत गावी आलं की काय होतं, याची झलक सुरगाणा-कळवणच्या माळावर दिसते. बोरगाव-हातगड भागात सापुताऱ्याच्या रस्त्याला हिवाळ्यात स्ट्रॉबेरीच्या टोपल्या मांडलेल्या असतात. रोपं महाबळेश्वर भागातून येतात, साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरात लागवड होते, गादीवाफा, मल्चिंग पेपर, ठिबक असा सगळा सरंजाम. ज्या पट्ट्यात नगदी पीक फारसं नव्हतं तिथे इतकं नाजूक पीक रुजलं. अशा रुजण्याला नियम असतात. अमेरिकेतल्या आयोवा राज्यात संकरित मक्याचं बियाणं कसं पसरलं याचा अभ्यास रायन आणि ग्रॉस या संशोधकांनी १९४३ साली प्रसिद्ध केला, आणि १९६२ मध्ये एव्हरेट रॉजर्स यांनी तो धागा मोठ्या सिद्धांतापर्यंत नेला. नव्या गोष्टीची माहिती माणसाला विक्रेत्याकडून किंवा खात्याकडून मिळते. ती करून पाहायचा निर्णय मात्र तो शेजाऱ्याकडे पाहून घेतो. शेजारी आपल्यासारखाच असेल, त्याची जमीन आपल्यासारखीच असेल, तरच त्याचा दाखला पटतो. कार्यालयांतही असंच घडतं. मुख्यालयातून आलेली नवी पद्धत शेजारच्या टेबलावरच्या माणसाने वापरून दाखवली की ती आपली वाटते.

मण्यांनी मोजलेले श्वास

नवी गोष्ट सुचायला अडचणीच्या अगदी जवळ असावं लागतं. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने हे दाखवून दिलं. बाळाला न्यूमोनिया आहे का हे ओळखायला श्वास मोजावे लागतात. दोन महिन्यांच्या आतल्या बाळाचे मिनिटाला साठ किंवा त्याहून जास्त श्वास हे धोक्याचं लक्षण, त्यापुढे वर्षाच्या बाळापर्यंत पन्नास. पण गावातल्या सुईणीला इतकं मोजता येत नसेल तर? सर्चने मण्यांचं साधन बनवलं. मिनिटाचं वाळूचं घड्याळ उलटं करायचं, दर दहा श्वासांना एक मणी सरकवायचा, वाळू संपण्याआधी लाल मण्यापर्यंत पोचलात तर बाळाला औषधाची गरज आहे. ज्ञान डॉक्टरांचं, अडचण सुईणीची, आणि साधन दोघांच्या मध्ये तयार झालं.

याच कामातून पुढे गावातल्या बाईने घरोघरी जाऊन नवजात बाळाची काळजी घेण्याची पद्धत घडली. गडचिरोलीतल्या ३९ गावांमधल्या प्रयोगात नवजात मृत्यू ६२ टक्क्यांनी घटल्याचा निबंध १९९९ साली ‘लॅन्सेट’मध्ये आला. २०११ साली देशपातळीवर गावोगावच्या ‘आशा’ आरोग्यसेविकांसाठी गृहभेटींचं वेळापत्रक ठरलं. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाकडे तिसऱ्या दिवसापासून बेचाळिसाव्या दिवसापर्यंत सहा भेटी, घरी जन्मलेल्याकडे सात. आज सुरगाण्यातली आशाताई वजनकाटा आणि थर्मामीटर घेऊन डोंगर चढते तेव्हा ती गडचिरोलीत सिद्ध झालेली पद्धत चालवत असते. एका जिल्ह्याच्या अनुभवाला कसोटीवर घासून साऱ्या देशाची पद्धत करणं, हे ज्ञान-व्यवस्थापनाचं मराठी भूमीतलं सर्वांत मोठं यश म्हणता येईल.

पण या साखळीत एक नाजूक जागा आहे. पाड्यावर बाळ दगावलं की त्याचं अन्वेषण होतं. कोणत्या दिवशी कोण गेलं होतं, गाडी कधी मिळाली, कुठे उशीर झाला. बैठकीत हे प्रश्न आरोपीला विचारावेत तसे विचारले गेले, तर पुढच्या वेळी नोंदी नीटनेटक्या येतात आणि खरं कारण दडतं. हार्वर्डच्या एमी एडमंडसन यांनी १९९०च्या दशकात रुग्णालयांतल्या चुकांचा अभ्यास केला. त्यांना वाटलं होतं, चांगल्या गटांत चुका कमी निघतील. आकडे उलट आले. चांगल्या गटांत चुकांची नोंद जास्त होती, कारण तिथल्या परिचारिका न घाबरता बोलत होत्या. चूक बोलून दाखवता येते तिथेच ती सुधारते. पाड्यावरून आलेल्या आशाताईला बैठकीत “गाडी तीन तास आली नाही” असं डॉक्टरसाहेबांसमोर बिनधास्त सांगता येतं का, यावर पुढच्या बाळाचा जीव अवलंबून असतो.

श्रेय कोणाचं?

माणसं आपलं ज्ञान का वाटत नाहीत, याचं भीतीखालोखालचं कारण म्हणजे श्रेय हिरावलं जाण्याचा अनुभव. चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीड तालुक्यातल्या नांदेड गावचे दादाजी खोब्रागडे अल्पभूधारक शेतकरी. १९८३ साली त्यांना भाताच्या शेतात काही वेगळ्या लोंब्या दिसल्या. त्यांनी त्या वेगळ्या ठेवल्या, पेरल्या, निवडल्या, आणि त्यातून बारीक दाण्याचा, चवीचा तांदूळ तयार झाला. त्या काळी घड्याळ म्हटलं की एचएमटी, म्हणून वाणालाही तेच नाव पडलं. पुढे कृषी विद्यापीठाने त्यांच्याकडून बियाणं नेलं आणि १९९८ साली पीकेव्ही-एचएमटी या नावाने वाण प्रसारित केला. श्रेयाचा वाद दादाजींच्या आयुष्यभर चालला. पुरस्कार, मानपत्रं मिळाली. २०१८ साली ते गेले तेव्हा देशभरात त्यांचा तांदूळ शिजत होता आणि त्यांची आर्थिक ओढाताण सुटलेली नव्हती.

उलट उदाहरण झेरॉक्स कंपनीचं. कॉपी यंत्रं दुरुस्त करणारे तंत्रज्ञ पुस्तिकेपेक्षा एकमेकांच्या गप्पांतून जास्त शिकतात, हे ज्युलियन ऑर या मानववंशशास्त्रज्ञाने त्यांच्यासोबत हिंडून दाखवलं. त्यानंतर १९९०च्या दशकात कंपनीने ‘युरेका’ ही व्यवस्था उभी केली. तंत्रज्ञाने शोधलेली युक्ती दुसऱ्या जाणत्या तंत्रज्ञांनी पारखायची, आणि पारखून खरी ठरली की शोधणाऱ्याच्या नावासह सगळीकडे उपलब्ध करायची. नाव आणि सहकाऱ्यांनी केलेली पारख, या दोन गोष्टींनी ती व्यवस्था चालली. टोयोटामध्ये १९५१ पासून कामगारांच्या सूचनांची पद्धत आहे आणि तिचं बळ सूचनापेटीत नाही. प्रत्येक सूचनेला उत्तर मिळतं, यात आहे. उत्तर न मिळालेल्या दोन सूचनांनंतर माणूस तिसरी देत नाही.

आपल्या प्रशासनातही नवं सुचलेलं टिकल्याची उदाहरणं आहेत. १९८०च्या दशकात अहमदनगरचे जिल्हाधिकारी अनिलकुमार लखिना यांनी कचेरीतली बैठकव्यवस्था, कागद ठेवण्याची आणि काम निकाली काढण्याची पद्धत बदलली. ‘लखिना पॅटर्न’ म्हणून ती त्यांच्या बदलीनंतरही ओळखली गेली, कारण पद्धत टेबलांच्या मांडणीत, दप्तराच्या रचनेत आणि कारकुनांच्या सवयीत उतरली होती. साहेबांच्या उत्साहावर चालणारा उपक्रम साहेबांबरोबर जातो. कारकुनाला सोयीचा वाटलेला उपक्रम राहतो.

स्मृती कोणाकडे आहे

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. सुरगाण्यात तहसीलदार, गटविकास अधिकारी, वैद्यकीय अधिकारी, शिक्षक, ग्रामसेवक, कृषी सहाय्यक सगळे बदलतात. मग बदलत कोण नाही? आशा. तिची निवडच त्या गावची रहिवासी म्हणून होते. अंगणवाडी सेविका आणि मदतनीस. कोतवाल. पोलीस पाटील. ग्रामरोजगार सेवक. आश्रमशाळेतली स्थानिक स्वयंपाकीण. या माणसांनी साहेब येताना आणि जाताना पाहिले आहेत. कोणती योजना कोणत्या साली आली, कोणत्या बंधाऱ्याची भिंत पहिल्याच पावसात का गेली, कोणत्या साहेबांनी केलेलं काय चाललं होतं, हे त्यांना ठाऊक आहे. म्हणजे निर्णयाचा अधिकार फिरत्या माणसांकडे आणि स्मृती मुक्कामी माणसांकडे. आणि ही मुक्कामी माणसं बहुतेक मानधनावर, म्हणजे साखळीत सर्वांत कमी पैशांत काम करणारी.

तोंडी स्मृतीला पुरावा मानायला राज्यव्यवस्था तयार नसते, असं कोणी म्हणेल. पण तिने एकदा मानलं आहे. २००६च्या वनहक्क कायद्याच्या नियमांत, जमीन कोण किती काळ कसत आलं याच्या पुराव्यांमध्ये गावातल्या वडीलधाऱ्या माणसांचं लेखी नोंदवलेलं निवेदनही धरलं जातं. ज्या हक्कासाठी सुरगाण्याचे शेतकरी २०१८ साली नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेले, त्या हक्काच्या कायद्याने म्हाताऱ्या माणसाच्या आठवणीला कागदाची किंमत दिली. जमिनीच्या बाबतीत हे शक्य झालं, तर आरोग्य, शाळा, पाणी आणि शेतीच्या बाबतीत का होऊ नये?

यासाठी मोठी यंत्रणा लागत नाही. बदली झालेल्या माणसाने आणि नव्या माणसाने चार-पाच दिवस बरोबर काढावेत, आणि त्यातले निम्मे पाड्यांवर, आशा आणि सेविकांसोबत फिरण्यात जावेत. नव्याला नकाशा पुढे कधीही मिळेल, ओळखी मात्र याच दिवसांत मिळतील. प्रत्येक जागेसाठी एक वही असावी, जिच्यात जाणाऱ्याने आपण काय करून पाहिलं आणि ते का फसलं हे लिहावं. चाललेलं काम डोळ्यांना दिसतं, फसलेलं विसरलं जातं, आणि विसरलेलंच पुढचा माणूस पुन्हा करतो. आशांच्या मासिक बैठकीत आणि शिक्षकांच्या केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत आकडे गोळा करून झाले की अर्धा तास राखून ठेवावा. त्यात एकीने आपली एक अडचण सांगावी आणि बाकीच्यांनी त्यांच्या पाड्यावर ती कशी सुटली ते सांगावं. वरच्या माणसाने तेवढा वेळ फक्त ऐकावं. सुचलेला उपाय दुसऱ्या पाड्यावर करून पाहावा, चालला तर तालुकाभर न्यावा, आणि त्यावर सुचवणारीचं नाव लावावं. कृषी खात्याने द्राक्षाच्या टोळ्यांमधले जाणते हात शेतीशाळांमध्ये शिकवायला बोलवावेत आणि शिकवण्याचं मानधन द्यावं.

नवं सुचण्यासाठी हुशार माणसं वेगळी शोधावी लागतात, ही समजूत आपण सोडायला हवी. कामाला रोज हात लावणाऱ्या माणसाला काही ना काही सुचतच असतं. त्याला ते बोलता यावं, बोलल्याबद्दल शिक्षा होऊ नये, बोललेलं पारखलं जावं आणि त्याचं नाव त्याच्याकडेच राहावं, एवढं संस्थेने करायचं असतं. सुरगाण्याच्या पाड्यांवर हे ज्ञान आज रोज वापरात आहे. ते तालुक्याचं व्हावं असं वाटत असेल, तर ज्या बायामाणसांकडे ते आहे त्यांना बैठकीत वेळ, निर्णयात जागा आणि कामाचा पुरेसा मोबदला मिळाला पाहिजे. साहेब बदलत राहतील, ते बदलावेतही. त्यांना पहिल्याच महिन्यात तालुका समजावून सांगू शकतील अशी माणसं गावोगावी आधीपासून आहेत. त्यांना विचारण्याची रीत आपण घालून द्यायची आहे.